माझा लेक माझ्या माहेराकडून खेळतो

माझं माहेर आणि सासर यांत चालत जाण्याइतकंच अंतर आहे. माहेरची भाजी गरम असताना सासरी पोचते. पण कोल्हापुरात दोन पेठांमधलं अंतर रस्त्यानं मोजत नाहीत, फुटबॉलनं मोजतात. माझ्या लग्नाच्या पंगतीत भावांनी आणि दिरांनी आदल्या मोसमातल्या एका गोलवरून भांडण काढलं होतं. गोल ऑफसाइड होता की नव्हता, एवढाच मुद्दा. जिलेबीचं ताट उपडं झालं. नवऱ्यानं मध्ये पडून सोडवासोडव केली, परत माझ्याशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "पर ऑफसाइड हुताच त्यो." लग्नानंतर त्यानं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

आमच्याकडे फुटबॉलचा संघ तालमीचा असतो. आत आखाडा, मारुती आणि गदा; बाहेर कट्ट्यावर वाळत घातलेले बूट. खेळाडू पेठेतलेच, हरले तर शिव्या देणारेही पेठेतलेच. सुरुवातीची काही वर्षं मी सासरच्या गॅलरीत बसून मनातल्या मनात माहेरला जिंकवत असे. मग एकदा माहेरच्यांनी शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि माझ्या तोंडून अशी सणसणीत शिवी गेली की पलीकडच्या गॅलरीत बसलेल्या थोरल्या भावानं मान वळवून बघितलं. सासरची झाले ती त्या दिवशी. लग्न आधी झालं होतं, इतकंच.

त्यामुळे माझा मुलगा आमच्या तालमीचा सेंटर फॉरवर्ड झाला तेव्हा माझ्याएवढी खूश बाई गल्लीत दुसरी नव्हती. आमच्या तालमीची एक पद्धत आहे. मॅचच्या दिवशी मारुतीपुढं नारळ फुटला की गल्लीतल्या बायका पोरांना ओवाळतात, आणि पहिला मान सेंटर फॉरवर्डच्या आईचा. मी कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेते, उन्हाळ्यात मान वर करायला सवड नसते. पण मॅच असली की मिरचीचं कांडप टाकून, लाल झालेले हात घासून, ताट घेऊन मी तालमीत हजर. चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लागला होता, आमच्या गोलकीपरच्या गळ्यात गळा घातलेला. खाली लिहिलं होतं, "पेठेचा वाघ". भाजीवाली मला कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायची.

मग यंदा मोसमाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "आई, यंदा मी तुझ्या माहेराकडनं खेळणार हाय."

मला वाटलं चेष्टा. "भाकरी खा आणि गप बस," मी म्हटलं.

"सही करून आलोय."

नवऱ्यानं हात धुतला आणि उठून बाहेर गेला. मी ओरडायला सुरुवात केली ती शेजारपाजारचे टीव्ही बंद होईपर्यंत. हितं काय कमी पडलं तुला? कुणी काय बोललं? तो भाकरीकडे बघत बसला होता. मी दमल्यावर बोलला.

"बाहेरच्या मोठ्या क्लबात चाचणीला गेलतो, गणपतीनंतर. तुला सांगितलं न्हाय. पहिल्या दिवशीच घरी धाडलं. म्हणाले, एकाच पायानं खेळतोस. हितं सगळी वाघ वाघ म्हणत्यात, पर माझा डावा पाय नुसता उभं ऱ्हायाचा हाय, हे एकानं सांगितलं न्हाय. मामाच्या पेठेत नवा कोच आलाय. त्यो शिकवतो म्हणालाय. मला पुढं खेळायचंय, आई."

पोरगं खरं बोलत होतं. पण खरं बोलणाऱ्यावर राग जास्तच येतो. मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

आणि गल्लीनं माझ्याशी. गल्लीचा हिशेब सरळ होता: ही त्या पेठेची, हिनंच पोराला तिकडं वळवलं. इतकी वर्षं तिकडचीच होती, आता खायचे दात दाखवले. मी ज्या गल्लीत घसा फोडून माझ्या सख्ख्या भावांना हरवत आले, तिथं मी एका रात्रीत पाहुणी झाले. चौकातल्या फ्लेक्सवरून कुणीतरी ब्लेडनं माझ्या मुलाला नीट कापून काढलं. गोलकीपरचा हात तेवढा राहिला, रिकाम्या जागेच्या खांद्यावर. शेजारीण तर माझी जिवाभावाची. आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत. तिनं यंदाची चटणी दुसरीकडून करून आणली आणि पिशवी माझ्या दारावरून मिरवत नेली.

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. माहेराहून भाऊ आले, पेढ्यांचा पुडा आणि त्यांच्या तालमीचा केशरी झेंडा घेऊन. "शेवटी रक्त वळलं बघ, ताई! हे गच्चीवर लाव."

"पेढे ठेव," मी म्हटलं. "झेंडा घडी करून परत घेऊन जा, न्हायतर लसूण निवडताना बुडाखाली त्याचं बसकूर करीन."

भाऊ हसत गेले. मी मात्र पेढ्याला हात लावला नाही. नवरा कट्ट्यावर जायचा थांबला होता, कामावरून आला की भिंतीकडे बघत बसायचा. माझा एकच घोर होता. संघ येईल-जाईल, मुलगा उद्या गावही सोडेल. पण मला मरेपर्यंत इथंच राहायचं आहे. ही गल्ली मला आपली म्हणणार आहे की नाही?

मग ती मॅच आली. सासर विरुद्ध माहेर.

सकाळी मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहिला. निघत नव्हता. आमच्या घरातून कुणी कशालाही निघालं तरी हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. राग असला म्हणून रीत मोडायची नसते. मी दही आणलं, तळव्यावर ठेवलं आणि म्हटलं, "हरून ये."

तो इतक्या जोरात हसला की दही सांडलं. कित्येक दिवसांनी घरात कुणी हसलं होतं. मग मलाही आवरलं नाही.

तो गेल्यावर मी माझं ताट घेतलं आणि तालमीत गेले. न जाऊन कसं चालेल? संघ माझा होता. नारळ फुटला, पोरं ओळीत उभी राहिली. मी पुढं झाले तशी तालमीचे एक ज्येष्ठ आडवे आले. वाईट माणूस नाही. बोलताना माझ्याकडे बघतही नव्हते. "वहिनी, यंदा ऱ्हाऊ द्या. पोरांच्या मनात किंतू नगं."

निरांजनाचं तूप कडेला आलं होतं, ताट सरळ धरायला मला दोन्ही हात लागले. मी वळणार, तेवढ्यात आमचा गोलकीपर ओळ सोडून पुढं आला. माझ्या मुलाबरोबर वाढलेला, माझ्या घरात निम्मी जेवणं जेवलेला, फ्लेक्सवर हात अडकलेला तो हाच. ग्लोव्हज काखेत मारून त्यानं माझ्यापुढं कपाळ धरलं.

"काकू, मला ववाळा. गोल त्यो मारणार, खाणार मी हाय. किंतू यायचा असंल तर माझ्या मनात यील की."

मी त्याला ओवाळलं. मग बाकीच्यांनीही मुकाट्यानं कपाळं पुढं केली. शेजारणीनं मात्र तोंड फिरवलं.

स्टेडियमवर मी माझ्या नेहमीच्या जागी बसले, गोलच्या मागच्या बाजूला बायकांची गॅलरी असते तिथं. शेजारीण शेजारीच होती, कारण ती तिची नेहमीची जागा. दोघीही हटायला तयार नव्हतो. पहिला हाफ कोरा गेला. माझ्या मुलाच्या पायात बॉल आला की आमची गॅलरी जे काही ओरडत होती ते मी इथं लिहीत नाही. त्यात निम्मं माझ्या नावानं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांची चढाई आमच्या बाजूला आली आणि थोड्याच वेळात आमच्या बॅकनं त्याला पाडलं. पेनल्टी. बॉल ठेवला माझ्याच मुलानं. एवढं मोठं स्टेडियम, पण अशा वेळी पान पडलेलं ऐकू येतं. तो मागे सरकला, आणि माझ्या डोळ्यांपुढं आली शेजारणीची गल्लीकडची भिंत. शाळेतून आला की तो तिथंच बॉल मारायचा. उजव्या पायानं, कायम एकाच कोपऱ्यात. त्या कोपऱ्याचा गिलावा तिनं किती वेळा करून घेतला असेल.

तो धावायला लागला आणि मी उभी राहून किंचाळले, "तुझ्या उजव्या हाताला! उजव्या!"

गोलकीपरनं मागं बघितलं नाही. लहानपणी जेवायला हाक मारली की यायचा, तसाच गेला. उजवीकडे झेप, दोन्ही हात, बॉल बाहेर.

गॅलरी कोसळायची बाकी राहिली. बायका माझ्या अंगावर पडल्या. ज्यांनी मोसमभर तोंड दाखवलं नव्हतं त्या माझे गाल ओढत होत्या. "काकूनं वाचवली! आईनं वाचवली!" शेजारणीनं पाठीत असा धपका घातला की मला ठसका लागला. "माझ्या भिंतीनं वाचवली," ती म्हणाली.

मी हसत होते. मग तो दिसला. पेनल्टीच्या जागी एकटाच उभा होता, कमरेवर हात, आणि थेट माझ्याकडे बघत होता. माझा आवाज त्यालाही ओळखू आला असणार. त्यालाही त्याच आवाजानं जेवायला बोलावलं होतं. ओरडले ती संघासाठी, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. आणि आता रडू येत होतं ते पोरासाठी. बाजूच्या बायका नाचत होत्या, मी पदर तोंडाला लावून बसले.

पण तो खाली मान घालून खेळणाऱ्यांतला नाही, एवढा माझ्यावर गेलाय. पुढं बॉल त्याच्याकडे आला तो डाव्या बाजूला. आमच्या बॅकला ठाऊक होतं, अख्ख्या कोल्हापुराला ठाऊक होतं, की हा आता बॉल उजव्या पायावर घेणार. बॅक त्या बाजूला आधीच जाऊन उभा राहिला. मीही तिकडंच बघत होते. आणि त्यानं उजवा पाय टेकवला आणि डाव्यानं मारला. नुसतं उभं राहायच्या त्या पायानं. बॉल कुठं जाणार हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं नाही. जाळी हलली तेव्हा कळलं.

पलीकडची केशरी गॅलरी उसळली. आमच्याकडे चिडीचूप. त्या चिडीचूप गॅलरीत एकच बाई उभी होती, आणि ती मी होते. कधी उठले ठाऊक नाही. हे शिकायला गेलं होतं माझं पोर, हे, आणि ते त्याला आलं होतं. छाती भरून आली होती, पण हात मी घट्ट बांधून धरले होते. टाळी वाजली असती तर आत्ताच मिळालेली गल्ली पुन्हा गेली असती.

शेजारणीनं खालून माझा पदर ओढला. मला वाटलं, बस म्हणतेय.

"उठलीयास न्हवं? मग वाजीव की टाळ्या," ती म्हणाली. "पोराच्या असल्या गोलला आई टाळ्या वाजवत न्हाय म्हंजे काय? असली बाई मला शेजारी नगं."

मी वाजवल्या. एकटीच्या टाळ्यांचा आवाज फार विचित्र येतो. मग तिनंही वाजवल्या, दोनच, मोजून. पुढच्या ओळीतल्या दोघीतिघी मागं वळल्या, एकमेकींकडे बघितलं आणि त्यांनीही कसनुसं तोंड करत टाळीपुरते हात जोडले-सोडले.

"आता बास," शेजारीण उठून माझ्या बाजूला उभी राहिली. बॉल पुन्हा त्याच्याच पायात आला होता. "ये बॅक! झोपलास व्हय रं? धर त्याला!"

"डावीकडनं धर!" मी ओरडले. "दोन्हीकडनं धर!"

आम्ही दोघी घसा बसेपर्यंत ओरडलो. तरी तो अजून एकदा सुटला असता, तर मला चाललं असतं.