रिकाम्या खुर्चीतल्या खरातबाई

आमच्या कचेरीत कुणाची खुर्ची रिकामी दिसली, की खरातबाई आपलं टेबल सोडून तिच्यावर जाऊन बसत. आस्थापना शाखेच्या त्या अव्वल कारकून, म्हणजे सगळ्यांच्या रजा, बढत्या आणि शिक्षा त्यांच्या हातून जायच्या. पण कोण आलं नाही हे हजेरीपटावर बघून त्यांचं भागत नसे. त्या माणसाच्या जागी बसायचं, समोर येईल त्याला विचारायचं, "तुमचं काय अडलंय?", आणि उठताना म्हणायचं, "आता कळलं, हा किती गैरहजर हाय."

सगळा भर त्या 'किती'वर. आमचा टंकलेखक एकदा न सांगता दोन दिवस गेला आणि त्याच्यावाचून कुणाचं काहीच अडलं नाही. तो परत आल्यावर बाई म्हणाल्या, "दोन दिवस कुणी इचारलं बी नाय तुला. याहून मोठी सजा माझ्यापाशी नाय." त्यानंतर तो तापातसुद्धा यायचा.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. नुकतीच परीक्षा देऊन लागलेली, पायात शहागंजच्या बाजारातून घेतलेले उंच टाचांचे सँडल, उशाशी नियमांचं पुस्तक. सरकार आपल्याच खांद्यावर उभं आहे अशी माझी समजूत होती. ती पोरगी आज समोर आली, तर कान धरून गच्चीवर पापड राखायला बसवीन.

आमचा शिपाई भानुदास खुलताबादच्या बाजूचा. धनगराचं घर, आठ माणसं आणि पगार एकाचाच. तो एकाएकी यायचा बंद झाला. दीड महिना अर्ज नाही, निरोप नाही. मला तर कैरीला मीठ मिळाल्यासारखं झालं. मी त्याला एकामागून एक तीन नोटिसा काढल्या. पहिलीत 'कळविण्यात येते', दुसरीत 'सक्त ताकीद', आणि तिसरीत 'गंभीर दखल' अशा झोकात लिहिली, की ती मी घरी आईलाही वाचून दाखवली. आई म्हणाली, "चांगलं अक्षर आहे." एकीलाही उत्तर आलं नाही. तेव्हा मी त्याला बडतर्फ करण्याची टिपणी लिहिली: 'सदर कर्मचाऱ्यास नोटिसांची यत्किंचितही भीती उरलेली नाही.'

बाईंनी ती वाचली. चष्मा काढून डबीत ठेवला, उठल्या आणि साहेबांच्या दाराबाहेर भानुदासच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

दिवसभर बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, नवी बाई शिपाई आली. एका कंत्राटदाराने त्यांना चहा सांगितला. त्यांनी तो आणून दिला, आणि त्याचं बिल कुठल्या टेबलावर कुठल्या चुकीपायी अडलंय तेही सांगितलं. त्याला चहा गिळवेना.

दुपारी खुलताबादहून एक म्हातारी आली. नवऱ्यामागच्या पेन्शनीचा कागद कचेरीतून निघाला म्हणतात आणि तिकडच्या उपकार्यालयात पोचत नाही, ही तिची तिसरी खेप. बाईंनी इकडंतिकडं बघितलं. दारामागच्या खिळ्याला खाकी पिशवी लटकत होती.

"नलू, इकडं ये."

मी टाचा वाजवत गेले. पिशवीतून म्हातारीचा कागद निघाला. त्याच्याबरोबर माझ्या तिन्ही नोटिसा, कोऱ्या करकरीत, चिकटवलेल्या तशाच.

"खुलताबादचं टपाल कोण नेतं गं?"

"भानुदास. संध्याकाळी घरी जाताना."

"आन् भानुदासला नोटीस कोण बजावणार व्हतं?"

मी नियमांचं पुस्तक मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. मग म्हणाले, "भानुदास."

बाई हसल्या नाहीत. म्हातारीने मात्र तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने निघालो. गावाबाहेर, डोंगराच्या उतारावर भानुदास मेंढरांत उभा होता. आम्हांला बघून त्यानं आधी सदऱ्याची वरची गुंडी लावली, मग घोंगडी अंथरली. टाच खडकात अडकून मी त्या घोंगडीपर्यंत पोचले ती चौथ्या प्रयत्नात.

"अर्ज का नाय दिला?" बाईंनी विचारलं.

"भावाचा पाय मोडला बाई. मेंढरं मोकळी सुटली. अर्ज लिहिपर्यंत थांबत नायत ती."

"एक निरोप तरी?"

"निरोप न्यायला माणूस लागतो. इकडून कचेरीत जाणारा मी एकलाच."

आता मात्र बाईंना हसू आवरेना. "म्हंजे तिकडून बी तूच आन् इकडून बी तूच," म्हणत त्या घोंगडीवर बसल्या. भानुदासही हसला, मग थांबला.

"नोकरी जाती का बाई?"

बाईंचं हसू गेलं. "कसूर हाय तुझा. त्या म्हातारीचा कागद दीड महिना खिळ्याला लटकला. त्याची सजा व्हणार. पण जेवढा कसूर तेवढीच. वर चिमूट बी नाय."

कचेरीत परतलो, तर साहेब सहीला पेन उघडून बसले होते. माझी टिपणी त्यांना फार आवडली होती. तेही माझ्यासारखेच नवे. बाई म्हणाल्या, "साहेब, चपाती करपली तर चपाती बाजूला ठेवायची. चूल फोडली तर उद्या जेवायचं काय?"

"मग काय माफ करू?"

"नाय. माफ केलं, तर जो रोज येतो तो येडा ठरतो."

शेवटी भानुदासची एक वेतनवाढ वर्षभर थांबली. तो दीड महिना बिनपगारी रजेत गेला. म्हातारीच्या पेन्शनीचं उपकार्यालयातलं उरलेलं काम त्यानं स्वतः करून द्यायचं असं ठरलं, आणि नोकरी राहिली. माझ्यासाठीही बाईंनी सजा मोजूनच आणली होती. नोटिसा तीन, म्हणून खुलताबादच्या टपालाच्या खेपा तीन. खाकी पिशवी खांद्याला लावून मी शहागंजातून निघाले, तेव्हा सँडल विकलेल्या दुकानदाराने ओळखून विचारलं, "क्या मॅडम, प्रमोशन हुआ?" तिसऱ्या खेपेला मी चपला घेतल्या. ते सँडल अजून आहेत. नात फॅन्सी ड्रेसला वापरते.

पुढं आम्ही तिघं आपापल्या वेळेला निवृत्त झालो. दर गुरुवारी बाईंच्या घरी पत्त्यांचा, पाच-तीन-दोनचा डाव पडायचा. भानुदास शेंद्र्याहून यायचा; त्याचा मुलगा तिथं कंपनीत आहे. पाच-तीन-दोनला बरोबर तीन माणसं लागतात, चौथं चालत नाही आणि दोघांत होत नाही. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कौतुक नको म्हणून मी कुणाला कळवलं नाही. दुसरा गुरुवार चुकल्यावर भानुदास दारात उभा राहिला. खांद्याला पिशवी, हातात लिफाफा. आत बाईंच्या अक्षरात कारणे दाखवा नोटीस: 'आपल्या विनापरवाना गैरहजेरीमुळे दोन डाव अडले आहेत. खुलासा समक्ष करावा.'

"सही करा ताई," भानुदास म्हणाला. "या खेपेला बजावणारा हजर हाय."

सजा झाली दोन गुरुवार चहा करण्याची. दोन डाव, दोन चहा. मी तिसऱ्या गुरुवारीही करायला उठले, तर बाई म्हणाल्या, "बस. जास्तीची सजा भोगणारा बी लबाड असतो."

या उन्हाळ्यात बाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्यानंतरच्या गुरुवारी मला घरी बसवेना. मी त्यांच्याकडे गेले. सूनबाईंनी दार उघडलं. गॅलरीत बाईंची वेताची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यात जाऊन बसले.

तासाभरात पलीकडच्या गल्लीतली मुलगी बाईंकडून फॉर्म भरून घ्यायला आली, भाजीवाली रेशनकार्डाचं विचारायला आली आणि एक पोलीस शिपाई रजेचा अर्ज कसा लिहायचा म्हणून आला. बातमी त्यांना पोचलीच नव्हती. मी प्रत्येकाला सांगितलं आणि प्रत्येकाचा कागदही करून दिला. पोलीस माझ्या अक्षराकडे बघून म्हणाला, "त्यांचं लई सोपं असायचं."

चारच्या सुमाराला भानुदास आला.

"तुझं काय अडलंय?" मी विचारलं.

"माझं नाय कायच." त्यानं चपला काढून दाराशी नीट लावल्या. "गुरुवार हाय म्हणून आलो."

कोनाड्यात पत्ते होते. त्यानं पिसले आणि सवयीनं वाटायला लागला. माझ्या नेहमीच्या जागेसमोर, स्वतःला आणि खुर्चीसमोर, जिच्यात मीच बसले होते. मी उठून माझ्या जागी गेले. तिसरी पानं खुर्चीसमोर उपडी पडली होती.

"भानुदास, दोघांत हा डाव होत नाही. ती पानं उचल."

"राहू द्या ताई," तो म्हणाला. "नुसत्या गैरहजर हायेत. तुम्ही लगेच बडतर्फ नका करू."