बर्फाकडे पाठ

आमचे कोच तावडे सर मॅच कधी बघत नसत. हजर असत, अगदी सगळ्यांच्या आधी. पण शिट्टी वाजली की रिंककडे पाठ करून काचेला टेकत आणि माझ्याकडे बघत. "सांगा मॅडम, काय झाला?" मी गणित शिकवणारी बाई. कॉलेजने आइस हॉकीच्या संघाची व्यवस्थापक म्हणून माझी नेमणूक केली, ती केवळ त्या मीटिंगला मी गैरहजर होते म्हणून. ती काळी रबरी चकती बर्फावर कुठे पळते हे मला डोळे फाडूनही दिसत नसे, आणि या माणसाला माझ्याकडून धावतं समालोचन हवं!

"तुम्ही स्वतः का बघत नाही?" पहिल्याच सामन्यात मी करवादले.

"मी बघलंय काय पोरां हरतत. कुडाळात कबड्डीच्या टायमाक पण तसाच व्हायचा."

"पण सर, तुम्ही न बघताही ती हरतातच आहेत!"

"मगे बघलंय असतंय तर किती हरली असती, इचार करा."

कपाळ!

सर मूळचे कबड्डीचे. ओमानमधल्या अझैबातल्या आमच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काढली, पण बर्फ काय तो फ्रीजमधलाच पाहिलेला. तरी ओमानी मुलांना हौस, मॉलमध्ये रिंक तयार, म्हणून संघ निघाला. सामन्याआधी सर मुलांना गोल उभं करून मालवणी गाऱ्हाणं घालत. "बा देवा म्हाराजा, आज ही पोरां बर्फार उतारतत, तेंका खय इजा होव नको रे म्हाराजा!" की मुलांनी एका सुरात ओरडायचं, "होय म्हाराजा!" केरळची, हैदराबादची मुलं ठणाणा करत. कप्तान सलीम इब्रा गावचा ओमानी, तो तेवढा हात छातीशी धरून हळूच म्हणे, "इन्शाल्ला." सरांना ते चालायचं. "अर्थ एकच रे," म्हणायचे. एकदा रेफ्रीने मला बाजूला घेऊन विचारलं, हा महाराजा तुमचा कितव्या नंबरचा खेळाडू? मी सांगितलं, राखीव आहे.

पहिल्या सामन्याला तर त्यांनी बर्फावर नारळ फोडला. बर्फाला खळगा पडला, नारळाचं पाणी तिथल्या तिथे गोठलं आणि करवंटीचे तुकडे त्यात रुतून बसले. रिंकवाला डोक्याला हात लावून ओरडत होता, "ये क्या किया साब!" बर्फ पुन्हा नीट होईपर्यंत दोन्ही संघ बाकांवर कुडकुडत बसले. सर मात्र खोबरं वाटत फिरत होते. प्रतिस्पर्ध्यांनाही दिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अर्धा हंगाम हरण्यातच गेल्यावर प्राचार्यांनी बजावलं, यंदा एकही सामना जिंकला नाहीत तर पुढच्या वर्षी संघ बंद. सरांची साठी भरली होती, हंगाम संपताच त्यांना कायमचं गावी जायचं होतं. "तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता?" मी म्हटलं.

"मी जातलंय. पण संघ रवाक व्हयो," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी विनोद केला नाही.

मग हरत हरत शेवटच्या सामन्यापर्यंत आलो. सरांची पाठ बर्फाकडे, डोळे माझ्यावर. सलीमने पहिला गोल केला तेव्हा मी चकती न दिसताच किंचाळले. समोरच्यांनी बरोबरी केली. मग गर्दीतून कुणाची तरी काठी लागली आणि आमचा दुसरा गोल झाला. शेवटच्या मिनिटात समोरचे आमच्या गोलवर अक्षरशः तुटून पडले. मी समालोचन विसरून नुसती काच बडवत राहिले. "काय झाला? सांगा गो बाय!" सर मॅडम म्हणायचंही विसरले. तेवढ्यात भोंगा वाजला.

"खलास? नक्की खलास?"

"खलास! जिंकलो! आता तरी वळा!"

ते वळले. मुलं बर्फावर एकमेकांवर कोसळली होती. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

विमानतळावर सगळा संघ आला होता. सरांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला, मला म्हणाले, "मॅडम, चकती बघूक शिका," आणि ट्रॉली ढकलत आत निघाले. आम्ही हात हलवतोय, हाका मारतोय, पण हा गृहस्थ मागे वळून बघेल तर शपथ. मुलं हिरमुसली. मला मात्र कळलं होतं, ते का बघत नाहीत.

तेवढ्यात सलीम पुढे झाला. वर्षभर त्या गाऱ्हाण्याच्या वाटेला न गेलेला सलीम भर विमानतळावर मोठ्याने म्हणाला, "बा देवा म्हाराजा! हमारे सर को संभाल, और एक दिन वापस ला रे म्हाराजा!"

आम्ही "होय म्हाराजा" म्हणायच्या आधीच आतून उत्तर आलं. पाठमोऱ्या सरांनी हात वर केला होता, आणि आवाज पार फाटला होता.

"इन्शाल्ला!"