मंदाबाईंचा वन्स मोर

उखर्डूनानांच्या आधी झालेली भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. हे पोर कुणाला नकोच आहे असं देवाला वाटावं, एवढीच त्या माउलीची युक्ती. देव फसला. पोर जगलं, दांडगं झालं, आणि वर गळा असा मिळाला की केळीच्या बागेत ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवताना नानांनी तान घेतली तर दोन शेतं पलीकडचा माणूस औत थांबवून ऐकत उभा राही. नावावरून कुणी हसलं तर नाना चिडत नाहीत. उखर्डू नावाचा माणूस घरात सगळ्यात लाडका असतो, हे खान्देशात कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

चोपड्याच्या पुढे सातपुडा जिथं पार अंगावर येतो तिथं नानांचं गाव, करंजवडे. चैत्रात मारुतीची यात्रा भरते आणि यात्रेला नाटक होतं. नाटक एकच. नानांच्या आजोबांच्या पिढीनं कुठल्याशा कंपनीकडून आणलेलं, पदांनी गच्च भरलेलं, जुनं विनोदी नाटक. त्याच्या वहीचं पहिलं पान कधीच फाटून गेलं, त्यामुळं खरं नाव आता कुणालाच माहीत नाही. गाव त्याला सासऱ्याचं नाटक म्हणतं. एक महाकंजूष सासरा, त्याची एकुलती एक पोरगी, आणि तिच्यासाठी आचारी बनून घरात घुसलेला जावई. बस्स. देवळासमोरचा सिमेंटचा ओटा हे स्टेज, दोन्ही बाजूंना घडासकट उभे केलेले केळीचे खांब ह्या विंगा, आणि वर मोकळं आभाळ. माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, गच्च्यांवर, जमिनीवर, जिथं जागा मिळेल तिथं बसतात. प्रॉम्प्टर लागत नाही, कारण पात्र अडखळलं की अख्खं मैदान वाक्य सांगतं. कधीकधी तर पात्र अडखळायच्या आधीच सांगतं.

आता ह्या गावची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. पूर्वी पोरंटोरं टवाळकी म्हणून प्रत्येक पदाला वन्स मोर द्यायची. एके वर्षी सासऱ्यानं तेच पद इतक्यांदा म्हटलं की जावयाचं लग्न लागेस्तोवर कोंबडे आरवले, आणि सकाळी घरोघर बायकांनी चुली पेटवायला नकार दिला. मग पंच बसले. ठरलं असं, की वन्स मोर द्यायचा तो बायकांच्या बाजूनं, आणि तिथंही एकाच घरानं. गावात पालखीचा मान असतो, नारळाचा मान असतो, तसा करंजवड्यात वन्स मोरचा मान आहे. तो मिळाला नानांच्या घराला, सासूकडून सुनेकडं जाणारा. त्या घरच्या बाईनं तोंडानं वन्स मोर म्हटलं तर पद पुन्हा म्हणायचंच, नाही म्हटलं तर ब्रह्मदेव आला तरी पुढचा प्रवेश.

नाना सासऱ्याचं काम करायला लागले तेव्हा हा मान त्यांच्या आईकडं होता. आईच ती, आणि पोरगं उकिरड्यावरून परत आणलेलं. ती त्यांना दरसाल वन्स मोर द्यायची. घसा बसलेला असो, ताल चुकलेला असो, पद संपायच्या आधीच म्हातारी ओरडायची. बायका पदराआड हसायच्या आणि नाना लाजेनं लाल व्हायचे, पण पद मात्र पुन्हा म्हणायचे, त्यात कसूर नाही.

मग म्हातारी गेली आणि मान मंदाबाईंकडं आला, म्हणजे नानांच्या बायकोकडं. मंदाबाई बोलायला कमी आणि कानाला तिखट. त्यांनी पहिल्याच वर्षी बायकांना सांगून टाकलं, की सासूबाईंचं त्यांच्यापाशी, आपल्याच ताकाला आंबट कोण म्हणतं, पण मी मायेनं देणार नाही, कानानं देईन. आणि बाईनं शब्द पाळला. वीस-बावीस वर्षं झाली, नानांना एकदाही नाही. आचाऱ्याचं काम करणाऱ्या भिकनला मिळाला, तोही कितीदा तरी. एके साली पोरीचं काम करणाऱ्या मिसरुड फुटलेल्या पोरालासुद्धा मिळाला. ज्या वर्षी भिकनला पहिल्यांदा दिला त्या वर्षी नानांनी घरात भरीत खाल्लं, पण चांगलं झालंय असं आठवडाभर म्हटलं नाही. त्यांच्या परीनं ती मोठीच शिक्षा होती. मंदाबाईंच्या ती लक्षातसुद्धा आली नाही.

तसा संसार सुखाचा. केळी बरी पिकतात, लेकीसुना आपापल्या घरी नांदतात, नवराबायकोत कधी आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. पण हे एक कुसळ नानांच्या मनात राहिलं ते राहिलंच. आईचा वन्स मोर पोराला असतो, गाण्याला नसतो, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. गाण्याचा तो मंदाबाईंकडं होता.

गेल्या पावसाळ्यापासून नानांना दम लागायला लागला. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती कमजोर झालीय, औषध घ्या, शेतात हिंडाफिरा, पण ते एका दमात गाणं वगैरे आता सोडा. मंदाबाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. नाना चोपड्याच्या गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, की हे एक साल करू दे, मग काम योगराजला देऊन टाकतो. योगराज म्हणजे त्यांचा पुतण्या, नाटकात पेटी वाजवतो. मंदाबाई खिडकीबाहेर बघत हो म्हणाल्या.

आता शेवटचंच साल म्हटल्यावर माणसाला वाटणारच. नानांनी भिकनपाशी मन मोकळं केलं, की बाकी काही नको रे, एकदा तिनं द्यावा. भिकनची स्टँडवर चहाची टपरी. त्याला गुपित सांगणं म्हणजे दवंडीचा खर्च वाचवणं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं आणि दिवेलागणीला मंदाबाईंनाही. मग काय, जो तो त्यांच्या मागं. गिरणीत बायका म्हणाल्या, अक्का, यंदा द्या हो. सरपंच म्हणाले, वहिनी, गावाची इच्छा आहे. मंदाबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की आधी गाणं तर होऊ द्या.

सासऱ्याचं खरं पद दुसऱ्या अंकात आहे. जेवायला आलेल्या पाहुण्यांची कंजूष सासरा मोजणी करतो ते. आला मामा, आली मामी, मामीचा भाचा, भाच्याची काकी, असं करत करत शेवटचं कडवं एका श्वासात म्हणायचं असतं आणि अखेरच्या पाहुण्याच्या ताटातली पुरी उचलून स्वतःच्या तोंडात घालायची असते. तालमीत ते कडवं रोज मधेच तुटत होतं. योगराजनं हळूच सुचवलं की काका, लय थोडी उतरवू, मधे पेटीवर मी एक जागा घेतो, तेवढ्यात श्वास घ्या. नाना म्हणाले, पाहुणे काय थांबून थांबून येतात का रे? विषय तिथंच संपला.

यात्रेच्या दिवशी ऊन उतरलं तसं मैदान भरलं. पोरांनी मोबाइल वर धरले. मंदाबाई पुढच्या सतरंजीवर नेहमीच्या जागी येऊन बसल्या, अंगावर अंजिरी लुगडं, हात मांडीवर. पहिला अंक हसण्यातच गेला. दुसऱ्यात नाना झारा घेऊन आले आणि पेटीचे सूर लागले तशी लहान पोरंसुद्धा गप्प झाली.

त्या दिवशी गळा कुठून आला, देव जाणे. मामा आला, मामी आली, प्रत्येकाची चाल वेगळी, प्रत्येकाचं तोंड वेगळं. लोक डोळे पुसून पुसून हसत होते. शेवटच्या कडव्यापाशी नानांनी श्वास भरून घेतला आणि सुटले. भाच्याची काकी, काकीचा दीर, दिराचा साडू, एकेक पाहुणा स्वच्छ, ताल जराही ढळला नाही. अर्ध्यावर त्यांनी डावा हात बाजूच्या केळीच्या खांबावर टेकला. लोकांना वाटलं, वा, नवीन लकब काढली म्हाताऱ्यानं. कडवं एका श्वासात संपलं, पुरी तोंडात गेली आणि टाळ्यांनी देवळावरची कबुतरं उडाली.

मग टाळ्या थांबल्या, आणि रीतीप्रमाणं सगळ्या माना बायकांकडं वळल्या.

मंदाबाई नानांकडं बघत होत्या. ओठ थोडे उघडले, असं पुढं बसलेल्या बायका शपथेवर सांगतात. पण शब्द आला नाही. त्यांनी पदर सारखा केला आणि पेटीकडं बघून मान हलवली, म्हणजे चला, पुढचा प्रवेश. मैदानातून एक लांब सुस्कारा आला. ट्रॉलीवरून कुणीतरी न राहवून वन्स मोर ओरडलं, तर म्हाताऱ्यांनीच त्याला खाली बसवलं. रीत ती रीत. नानांनी पुरी चावली, गिळली आणि पुढचं वाक्य म्हटलं. नाटक त्यांनी शेवटपर्यंत नेकीनं केलं, जावयाच्या लग्नात नाचलेसुद्धा, पण डोळे काही हसत नव्हते. घरी गेल्यावर तोंडाचा रंग धुतला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

सकाळी ते चहा न पिता बागेत गेले. बांधावर बसून राहिले. एवढं वाईट त्यांना आई गेली तेव्हा वाटलं होतं, त्यानंतर आताच. राग नव्हता हो, रागावले असते तर बरं झालं असतं. एवढं गाऊनसुद्धा तिच्या कानाला पुरलं नाही, म्हणजे आपलं गाणं मुळात तेवढंच, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं.

न्याहारीच्या वेळेला मंदाबाई कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. बाजूला बसल्या. भाकरीचं फडकं सोडलं आणि विचारल्याशिवायच बोलायला लागल्या.

"मी मुद्दाम नही दिधा असं नका समजा. काल वन्स मोर गळापावत येल व्हता. इतला वरीसमा पहिली डाव, आपोआप."

नाना त्यांच्याकडं बघायलाही तयार नव्हते. मग दिला का नाहीस, एवढं कसंबसं विचारलं.

"तुमना हात दिखना. केळना खांब कसा घट्ट धरेल व्हता तुम्ही. मी वन्स मोर म्हनती तर तुम्ही पुन्हा म्हनतात, मरतात पन म्हनतात. मंग मी तो गिळी टाका."

ठेच्याचा वास जास्तच तिखट होता म्हणा, नानांच्या डोळ्याला पाणी आलं. मग लहान पोरानं विचारावं तसं विचारलं.

"येल व्हता ना पन?"

"येल व्हता," मंदाबाई म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात दिला.

नानांनी ती भाकरी खाल्ली, दुसरी मागितली, आणि फार चांगली झालीय असं दोनदा सांगितलं. मंदाबाई उठून केळीची वाळलेली पानं कापायला लागल्या तर मागून परत विचारलं, खरंच आला होता का. त्यांनी वळून न बघता हो म्हटलं.

संध्याकाळी नाना भिकनच्या टपरीवर गेले ते छाती काढून. बाकड्यावर बसले आणि सगळी हकिगत मीठमसाला न लावता सांगितली. त्यांना मीठमसाल्याची गरजच नव्हती. ऐकणाऱ्यांत लगेच वाद लागला. एक म्हणाला, तोंडातून निघाला नाही तो वन्स मोर कसला. दुसरा म्हणाला, मनात आला म्हणजे दिल्यातच जमा. शेवटी म्हाताऱ्यांनी कौल दिला, की खुद्द मानकरीण कबूल करतेय तर तो धरावा. मग भिकनला रीत आठवली. वन्स मोर मिळाला तर पद पुन्हा म्हणायचंच. तो म्हणाला, नाना, मग बाकी कशाला ठेवता, म्हणा इथंच, योगराजला पेटी आणायला सांगतो. सगळ्यांनीच धोशा लावला. गाणं म्हण म्हटल्यावर नाना नाही म्हणाले, असं गावाच्या आठवणीत आजवर एकदाही घडलेलं नव्हतं.

नानांनी कप खाली ठेवला.

"नही," ते म्हणाले. "तिनी तो मना जीवसाठे गिळेल शे. तो मी वाया घालू का?"

भिकननं मान खाली घालून उगाच फडकं मारलं. नाना उठले, चप्पल पायात सरकवली आणि सावकाश, दम लागणार नाही अशा बेतानं, घरी जेवायला गेले.