शेजारच्या प्लॉटवरची फुकटची माती

मंडळी, आत्ता आमच्या जिन्यात बसून लिहितेय. मांडीवर गरम डबा आहे.

आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे क्रोम प्लेटिंगचा बंद कारखाना होता. दोन वर्षांपूर्वी तो पाडला, तेव्हा आम्ही तिथली माती पोती भरभरून आणली. फुकट मिळतंय म्हटल्यावर पुणेकर सोडतोय होय? सासूबाईंनी गच्चीत त्याच मातीत अळू लावलं.

आज सकाळी गच्चीतून पाहिलं, तर प्लॉटवर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली, मास्क लावलेली माणसं तीच माती जाड पिशव्यांत भरून सील करत होती. मी खाली जाऊन तिथल्या इंजिनिअर बाईंना विचारलं.

"अहो, या मातीत क्रोमियम मुरलंय. खालच्या पाण्यातही उतरलंय. आपण इथे उभ्या राहू नका."

"आणि या मातीत कोणी भाजी लावली असेल तर?"

त्यांचा लिहिता हात थांबला. "खाल्लीत का?"

मी तशीच मागे फिरले. घरी आले तर सासूबाई अळूवड्या तळत होत्या. नेहमीसारखा डबा भरून हातात दिला आणि म्हणाल्या, "खालच्या मजल्यावरच्या पोरीला देऊन ये. तिला सातवा लागलाय ना, डोहाळे आहेत अळूवडीचे."

हा डबा मी फेकून देईन. पण याआधीचे सगळे डबेही मीच पोचवलेत. आता तिची बेल वाजवून काय सांगू?