लिओनी तांडेलचं मूत्रपिंड

लिओनी सुरेट आमच्या कॅनडातल्या, नोव्हा स्कोशियाच्या धक्क्यावरची एकमेव बाई तांडेल. चौतीस वर्षं शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारी बोट चालवली, पण सुकाणू कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. मी वेन्डेल, एकोणीस वर्षं तिच्याकडे खलाशी, मलाही नाही.

त्या हिवाळ्यात तिच्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली, फुप्फुसांपर्यंत पसरलेली. डॉक्टर म्हणाले, नुसतं कापून भागणार नाही. आधी शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध शिरेतून देऊ. पसरलेलं आटलं, तर मूत्रपिंड काढू.

"आटवतेच," लिओनी म्हणाली, जसं काही ते तिच्याच हातात होतं.

आमच्या बोटींवर एक रीत आहे. बोट धक्क्याला लागेपर्यंत कुणी काय दुखतंय ते बोलायचं नाही. लिओनीने ती हॉस्पिटलच्या बाबतीतही पाळली. मे महिन्यात दिवसाला बारा वेळा जुलाब, आणि नर्सला फोनवर सांगते, "ठणठणीत आहे." चेतवलेली शक्ती तिच्याच आतड्यावर उठली होती. हॉस्पिटलच्या कागदावर ठळक लिहिलं होतं, जुलाब लागले तर ताबडतोब कळवा. मी तो वाचला आणि बोटीवरच तिच्यादेखत हॉस्पिटलला फोन लावला.

"चुगलखोर. उतर माझ्या बोटीवरून."

उतरलो. मीही चिडलो होतो. मरणाच्या दारातही बाईची ऐट सुटत नव्हती.

तिला कित्येक आठवडे स्टिरॉइड द्यावी लागली, आणि प्रतिकारशक्ती चेतवणारं औषधही थांबवलं. तरी ऑक्टोबरच्या स्कॅनमध्ये फुप्फुसांतले डाग जेमतेम उरले होते. सर्जन मात्र कचरत होता: अंगात त्राण नाही, गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली. तिची बहीण सांगते, लिओनी त्याला म्हणाली, "धोका सांगायचं काम तुमचं, ते झालं. आता तारीख द्या."

नोव्हेंबरात ऑपरेशन सहा तास चाललं. चौथ्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. पांढरीफटक पडली होती, नजर तीच.

"पुन्हा मी काही लपवलं तर?"

"पुन्हा फोन करीन. हाकललंस तरी."

"माजलायस." तिने शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "सोमवारी हंगाम उघडतोय. पावणेचारशे पिंजरे टाकायचेत. सुकाणू तू धर."

मी बाहीने डोळे पुसले.

"रडतोस काय? फेब्रुवारीत मी येतेय. तोवरच."