शेरूला घातलेला उतारा

“इलेक्टिव्ह म्युटिझम,” डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं. “गळा ठीक आहे. कान, डोकं, सगळं ठीक आहे. आवाज आहे, पण मन बोलू देत नाही. जबरदस्ती नाही करायची.”

माझी नंदा तेव्हा चौथीत होती आणि पावसाळ्यापासून मुकी झाली होती. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो. नदीचं पाणी मागच्या पायरीला लागलं होतं. मी आत धान्याचे डबे वर चढवत होते आणि धाकटा बाळू तिच्याजवळ होता. तो पाय घसरून पाण्यात वाहून गेला. ती तिथेच उभी राहिली होती.

बाळूच्या दिवसकार्याला आलेला जो तो तिला विचारायचा, “हाक का नाही मारलीस गं?” चहा पिऊन विचारायचे, निघताना परत विचारायचे. लोकांना हाताला धरून बाहेर काढावंसं वाटायचं. पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तोच प्रश्न होता.

मग दवाखाने सुरू झाले. कल्याणला कान-नाक-घसा पाहून झालं. ऑडिओमेट्री, म्हणजे कानाला यंत्र लावून ऐकण्याची तपासणी, तीही झाली. बाकड्यांवर बसून बसून भिंतीवरची लसीकरणाची चित्रं मला पाठ झाली. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल यायचा, आणि नॉर्मल म्हटलं की मला रडू फुटायचं. शेवटी कोणीतरी उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या या बाईंचं नाव सांगितलं.

बाई सिंधी. दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली जीन्स शिवायचा कारखाना. टेबलाखाली एक काळाभोर म्हातारा कुत्रा पसरलेला असायचा. त्याचं नाव शेरू. औषध लिहून देतील म्हणून गेले, तर बाईंनी नंदाच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाल्या, “ह्याचे केस विंचर.”

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “डॉक्टर, हे काय चाललंय?”

“सगळे तिला विचारतात,” त्या म्हणाल्या. “हा विचारत नाही. थोडा सबर करा.”

दर आठवड्याला आम्ही जात राहिलो. ती विंचरायची आणि तो डोळे मिटून पडायचा. दिवाळी झाली, थंडी पडली. एक दिवस ती त्याच्या कानाशी वाकलेली दिसली आणि तिचे ओठ हलत होते. मी उठणार तोच बाईंनी माझा हात दाबला. “ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं करा. घरी पण विचारायचं नाही.” मी गप्प बसले. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलं नाही.

शिमग्याच्या सुमारास मला कंपनीत सुट्टी मिळेना, म्हणून माझी नणंद नंदाला घेऊन गेली. वन्सं अंबरनाथजवळच्या मोरिवलीच्या, आमच्यावर जीव टाकणाऱ्या.

पुढच्या वेळी नंदा दवाखान्याच्या दारातच थांबली. शेरूकडे बघेना, ब्रश हातात घेईना. त्यानंतरच्या खेपेला शेरू उठतच नव्हता. बाई म्हणाल्या, “किडनी फेल. म्हणजे रक्त साफ होत नाही. वय झालंय, काही महिने चाललंच होतं.” नंदाने ते ऐकलं आणि ती जिना उतरून खाली पळाली. घरी येऊन तिने जेवणही सोडलं. मिळवलेलं सगळं गेलं, असं मला वाटलं.

शेरू आजारी असल्याचं कळल्यावर कोडं वन्संनीच उलगडलं, तेही आनंदाने. “उतारा लागू परला बघ. काला कुत्रा कवापासून शोधत व्हते. भाकरी पोरीवरून उतरली आन् त्याला घातली. पोरीला सांगितला, आता मागं बघू नको.”

“वन्सं, काय केलंत हे?”

“मुक्या जनावराचा काय जातंय? पोर तरी बोलंल.”

वन्संवर ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडता आलं नाही. बाळूचं दुःख त्यांनाही होतंच. पण आता माझ्या पोरीच्या हिशेबात दुसरा जीव तिच्यामुळे चालला होता.

मी बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, अडाणी म्हणतील. त्या म्हणाल्या, “तिला घेऊन या. तो आहे तोवर भेटू दे. लपवायचं नाही.”

शेरू गोणपाटावर पडला होता. नंदा बराच वेळ दाराशी उभी राहिली. मग तिने आपल्या डब्यातला भाकरीचा तुकडा काढला, त्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत तीनदा ओवाळला आणि स्वतःच्या तोंडात घातला. चावत चावत ती मोठ्याने म्हणाली, “इडा पिडा माझी मला परत दे.”

इतक्या महिन्यांनी ऐकलेला माझ्या मुलीचा आवाज तो. घोगरा, अनोळखी. बाई चष्मा काढून खिडकीकडे वळल्या. शेरूने तिचा हात चाटला. त्याच आठवड्यात तो गेला.

तो गेल्यावर ती पुन्हा मिटेल, अशी मला धास्ती होती. बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं की तो आजाराने गेला, उताऱ्याने नाही. तिला ते पटलं की नाही, देव जाणे. पण ती थोडंथोडं बोलू लागली. आधी “पाणी”, “नको”, मग शाळेत हजेरी. आज ती कॉलेजात जाते आणि गरजेपुरतंच बोलते. पूर्वीची बडबडी पोर परत आली नाही. तेवढं मी स्वीकारलं आहे.

तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढंच सांगते, त्याला विचारू नका. जवळ बसा. कुत्रा मिळाला तर तो बसू द्या. त्या बाईंचे आणि शेरूचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

शेरू गेल्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. मी काहीच विचारलं नव्हतं. सुपातून नजर न काढता नंदा म्हणाली, “मी हाक मारली होती, आई. आवाजच आला नाही.”