पुठ्ठ्याचा फर्मा

नात तत्त्वज्ञानात एकदा नापास झाली होती. पुन्हा परीक्षा आली तेव्हा कुरकुरली, "आजी, एक ग्रीक गुरू म्हणतो, खरा नमुना वर कुठेतरी असतो, इथे नुसत्या नकला. त्याचाच चेला म्हणतो, नमुना वस्तूतच असतो. काय लिहू?"

मी चौथी शिकलेली, पण उल्हासनगरात वीस वर्षं जीन्स शिवल्या. म्हटलं, "आमच्या कटिंग मास्तरने एक जुनी, छान बसणारी पँट उसवली, पुठ्ठ्यावर ठेवून आखली. तोच आमचा फर्मा. आधी पँट, मग फर्मा."

"पण ती छान बसते हे त्याला कसं कळलं?"

"घालून बघितली, बये!"

तिने तेच लिहिलं आणि पास झाली. पेढे आणले. मी दोन खाल्ले.